सात फोटोंची खोली

१

रिकाम्या घरांचे फोटो काढणं हा काही चारचौघांत मिरवण्यासारखा धंदा नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला निदान पंगतीत जेवायला मिळतं. रिकाम्या घरात नळाला पाणी आलं तरी नशीब म्हणायचं. पण त्या दोघांचं पोट त्यावर चालत होतं, आणि बरं चालत होतं. नवरा कॅमेरा सांभाळायचा, बायको बाकीचं सगळं. बाकीचं म्हणजे दिवे लावणं, पडदे सरळ करणं, मागच्या भाडेकरूची विसरलेली केरसुणी न्हाणीघरात दडवणं आणि नवऱ्याच्या मागे मागे फिरणं. घरांचे दलाल त्यांना ‘जोडी’ म्हणायचे. “जोडीला पाठवा,” एवढं म्हटलं की भागायचं.

हे मागे मागे फिरणं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. घर घेणाऱ्याला हल्ली मोबाइलवर बोट फिरवून खोली चहूबाजूंनी बघायची असते. त्यासाठी खोलीच्या मधोमध स्टँड लावायचा, त्यावर कॅमेरा उभा बसवायचा आणि गोल फिरवत फोटो घ्यायचे. मग घरी बसून कॉम्प्युटरवर ते एकमेकांना जोडायचे. त्याच्याकडे फिशआय लेन्स होती, माशाच्या डोळ्यासारखी फुगीर, जुन्या मालाच्या दुकानातून आणलेली. लेन्स चांगली होती, पण ती मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली. ती आत जे चित्र पाडते ते ताटासारखं गोल असतं. ह्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, तो त्या ताटातला मधला पट्टा तेवढा उचलायचा. डावी-उजवी कड लेन्सला दिसायची, पण फोटोत यायची नाही. म्हणून इतरांचं जे काम चार फोटोंत व्हायचं त्याला ह्याला सहा लागायचे.

कॅमेऱ्याखाली एक लोखंडी चकती होती, तिला सहा खाचा. एक फोटो झाला की चकती उजवीकडे फिरवायची. खट आवाज करून ती पुढच्या खाचेत बसायची. फोटोत माणूस दिसता कामा नये म्हणून तो कॅमेऱ्याच्या पाठीशी उभा राहायचा आणि कॅमेरा फिरेल तसा आपणही सरकायचा. ती त्याच्या पाठीशी, त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. खट झालं की दोघांचं एक पाऊल. खरं तर ती खोलीबाहेर थांबली असती तरी चाललं असतं. पण फोटो मोजायला माणूस आतच हवं, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या म्हणण्यापुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं.

ती मोठ्याने मोजायची. “एक. दोन. तीन.” सहा झाल्यावर आणखी एकदा खट, कॅमेरा पुन्हा पहिल्या जागी, आणि मग ती म्हणायची, “घर झालं.” त्यावर तो विचारायचा, “आपलं कधी?” आणि ती नाकातल्या नाकात हसायची. दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत होती. चार वर्षांत हजारभर खोल्या झाल्या असतील, प्रत्येक खोलीला हाच प्रश्न आणि हेच हसू. त्याला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकल्याशिवाय तो स्टँड मिटत नसे.

नियम एकच होता. चकती उलटी फिरवायची नाही. अगदी सुरुवातीला एकदा त्याने न सांगता ती एक खाच मागे फिरवली होती. तिने खट ऐकलं आणि सवयीने पाऊल पुढे टाकलं, ती स्टँडवर आदळली आणि लेन्स वाचली ती केवळ त्याच्या हातात पडली म्हणून. तेव्हापासून एखादा फोटो बिघडला तरी पूर्ण चक्कर मारून परत यायचं, असं ठरलं होतं.

२

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भिंतींना नुकताच दिलेला फिकट पिवळा रंग. दुपारचे तीन वाजले असतील, उजेड भरपूर होता. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. मागच्या खोलीत एक दार, एक खिडकी आणि खिडकीला खेटून भिंतीतच बसवलेलं कपाट, जमिनीपासून छतापर्यंत. कपाटाची कड आणि खिडकीची चौकट यांच्यात बोटसुद्धा शिरलं नसतं.

तिने खोलीबाहेर चपला काढल्या, दार लावून घेतलं, आतून कडी घातली. वाऱ्याने दार हललं तर फोटो जुळत नाहीत.

“एक,” ती म्हणाली. समोर खिडकी होती. मग कोपरा, मग दार, मग कोरी भिंत, मग दुसरा कोपरा. “सहा.” समोर कपाट. त्याने चकती फिरवली, खट, दोघांनी पाऊल टाकलं. तिने ‘घर झालं’ म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली.

“अरे, खिडकी कुठे गेली?”

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर भिंत होती. पिवळी, खाली लाकडी पट्टी असलेली, अगदी इतर भिंतींसारखी भिंत. त्याने कॅमेऱ्यावरून मान वर करून समोर पाहिलं. समोर कपाटाची कड आणि खिडकीची चौकट, एकमेकांना चिकटलेली. पुन्हा पडद्यावर पाहिलं. भिंत.

“चकती सरकली असेल,” तो म्हणाला.

“सरकली तर कोपरा दिसेल, दार दिसेल. ही कुठली भिंत?”

“फिशआय आहे गं. कडेचं मधे आणते, मधलं कडेला नेते. घरी बघू.”

असं काही फिशआय करत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. पण माणसाला काहीतरी म्हणावं लागतं.

“घेऊन टाक मग,” ती म्हणाली. “सात.”

त्याने फोटो घेतला. चकती फिरवली. खट. खिडकी.

“घर झालं,” ती म्हणाली.

“आपलं कधी?”

ती हसली, पण जरा उशिराने.

३

फोटो जोडायचं काम तिचं. रात्रीचं जेवण आटोपायच्या आधीच ती कॉम्प्युटरपाशी बसली. सहा फोटो दिले तर कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये काळी फट राहत होती. सातवा दिला की खोली बेमालूम जुळत होती. जोड कुठे आहे ते तिला स्वतःला सापडेना, आणि तिला जोड सापडत नाही असं कधी झालं नव्हतं.

“इकडे ये,” तिने हाक मारली. “हे बघ.”

सातव्या भिंतीवर एक खुंटी होती. खुंटीला शर्ट टांगलेला. चौकडीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“तुझा आहे ना असा?”

“माझा कशाला असेल? माझा बाहेर वाळत घातलाय.”

म्हणाला खरा, पण उठून पाहून आला. दोरीवर त्याचा शर्ट होता, ओला, दोन चिमट्यांत धरलेला. त्याला जितकं हायसं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

मग त्याने चकती काढली आणि दिव्याखाली धरून नखाने खाचा मोजल्या. सहा. कॅमेरा आपल्याच खोलीत लावून फिरवला. पलंग, खिडकी, ओटा, दार, कपाट, कॉम्प्युटर. सहा खट झाल्या आणि पुन्हा पलंग. दोनदा केलं, तीनदा केलं. सहा म्हणजे सहाच.

“त्या घराच्या कागदावर खोली दहा बाय अकरा लिहिली आहे,” ती म्हणाली. “ह्या फोटोत बारा-तेरा भरेल. दलाल खूश होईल बघ, फुकटात जागा वाढवून दिली.”

“सातवा काढून टाक.”

“आणि फट?”

“कपाट ताण थोडं.”

तिने कपाट ताणलं, फट बुजवली आणि फोटो पाठवून दिले. सातवा मात्र पुसला नाही. तिने तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, आणि झोपण्यापूर्वी आणखी एकदा उघडून पाहिला. त्याने ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

४

चार दिवसांनी दलालाचा फोन आला. “फोटोवाले, तुमचं कपाट सुजलंय. गिऱ्हाईक हसतंय. परत काढा.”

त्याच्या मनात एकट्याने जायचं होतं. तसं तो म्हणालाही. “वा रे वा,” ती म्हणाली, “गंमत तेवढी तू बघणार?” आणि तिने त्याला मुद्दाम तो चौकडीचा शर्ट घालायला लावला. “चल, तुझा जुळा भाऊ भेटेल.” तिला खरंच मजा वाटत होती. त्याला वाटत नव्हती, पण भर दुपारी एका रिकाम्या खोलीची भीती वाटते हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने?

पुन्हा चपला बाहेर, पुन्हा कडी. पुन्हा तिची मूठ त्याच्या शर्टाच्या टोकाला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. खट. पिवळी भिंत.

“सात,” ती म्हणाली, अगदी खुशीत.

त्याने फोटो घेतला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. खाली लाकडी पट्टी होती. भिंत होती. खुंटी होती. खुंटीवर काही नव्हतं.

ती मागे उभी होती, तिला पडदा दिसत नव्हता, आणि तिने तो पाहण्याआधी तिथून निघावं एवढंच त्याला कळत होतं. एकदा पुढे फिरवलं असतं तर खिडकी आली असती, ती ‘घर झालं’ म्हणाली असती आणि सगळं मिटलं असतं. पण घाबरलेला माणूस ज्या वाटेने आला त्याच वाटेने पळतो. त्याने चकती मागे फिरवली. कपाटाकडे.

खट.

शर्टाला मागून हिसका बसला. मग शर्ट सैल सुटला.

“आठ,” ती म्हणाली.

आवाज त्याच्या डाव्या खांद्यामागून आला, हातभर अंतरावरून. तो वळला. खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. खिडकी बंद होती, तिला बाहेरून जाळी. त्याने कपाट उघडलं, रिकामे कप्पे. त्याने तिला हाक मारली, मग ओरडला, मग कडी काढून घरभर धावला. तिच्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या, एकीवर एक पडलेल्या, तिने काढल्या तशा.

पुन्हा खोलीत येऊन तो उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तिच्यासमोर खिडकी आली असती तर ती ‘घर झालं’ म्हणाली असती. ती ‘आठ’ म्हणाली.

त्याने कॅमेऱ्याच्या मागची आपली जागा घेतली आणि चकती पुढे फिरवली. खट. “नऊ.” पडद्यावर पिवळी भिंत, रिकामी खुंटी. पुन्हा खट. “दहा.” खिडकी आली, पण त्याच्यासमोर, तिच्यासमोर नव्हे. “थांब,” तो म्हणाला. “थांब, हलू नकोस, मी येतो.” आणि येण्यासाठी आणखी एकदा फिरवली.

“अकरा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. काम करताना असतो तसाच तिचा आवाज होता.

५

पोलिसांनी विचारायचं ते सगळं विचारलं. एका दाराची खोली, कडी आतून, चपला बाहेर, आणि बायको नाही. एका अधिकाऱ्याला त्याने घडलं तसं सांगितलं. अधिकाऱ्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं, त्याला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. तो चौकडीचा शर्ट त्यांनी ठेवून घेतला. खोलीच्या भिंती ठोकून पाहिल्या. कपाट आणि खिडकी यांच्यात वीट आणि गिलावा, दुसरं काही नाही. पुरावा कशाचाच नव्हता, म्हणून नवव्या दिवशी त्याला घरी जाऊ दिलं.

घरी सासूबाई येऊन बसल्या होत्या. मुलीचे कपडे घड्या घालून पलंगावर रचलेले. त्यांनी त्याच्यावर आरडाओरडा केला नाही. केला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “माझी मुलगी कुठे आहे तेवढं सांगा. बाकी मी काही विचारत नाही.”

“उभी आहे, आई.”

“उभी आहे म्हणजे?”

खरं तेच त्याच्या तोंडून निघालं होतं. नऊ दिवस तो कोठडीत झोपू शकला नव्हता ते त्याचमुळे. त्याने अकरानंतर चकती फिरवली नव्हती. आणि खट झाल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही, बसत नाही, मोजत नाही. चार वर्षांत एकदाही तिने तसं केलं नव्हतं.

सासूबाईंनी घड्या घातलेले कपडे पिशवीत भरले आणि निघून गेल्या. जाताना दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.

६

दलाल माणूस भित्रा होता, पण वाईट नव्हता. “चावी घ्या,” तो म्हणाला, “पण तिथे काय करता ते मला सांगू नका.”

तो रोज दुपारी जाऊ लागला. स्टँड त्याच जागी, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हेही तो तपासून बघत होता. आवाज म्हणजे मनाचे खेळ असतील, म्हणून त्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. त्यात चकतीची खट ऐकू येत होती, त्याचा श्वास ऐकू येत होता, तिचा आवाज नव्हता. पण तिचा आवाज नसलेल्या जागी शांतताही नव्हती. तिथे दर वेळी तेवढ्याच लांबीची एक खरखर होती, आकडा उच्चारायला लागते तेवढी.

त्याने चकतीचा स्क्रू सैल करून कॅमेरा आवाज न करता फिरवून पाहिला. तसा फिरवला की खोली सहाचीच, शहाण्यासारखी. कपाटानंतर खिडकी. सातवी भिंत यायला खट लागायची. आणि खट केली की ती मोजायची.

उलट फिरवून पाहिलं. ती उलट मोजेल, एक-एक पाऊल मागे येईल, असं त्याला वाटलं होतं. खट. “पंधरा.” तिला बिचारीला काय कळणार चकती कुठे फिरली ते? तिला खट ऐकू यायची, ती पुढे जायची.

“थांब,” तो तिला सांगायचा. “मोजू नकोस. कॅमेऱ्यासमोर ये. अगं, फोटोत ये.”

ती येत नव्हती. फोटोत यायचं नाही हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पहिल्या वर्षी तिची ओढणी दिसली म्हणून, सावली दिसली म्हणून, पायाचं बोट दिसलं म्हणून तो तिच्यावर किती चिडायचा. पुढे ती इतकी तयार झाली की दहा बाय दहाच्या खोलीत चहूकडून फोटो काढले तरी तिचा केससुद्धा सापडायचा नाही. तेव्हा त्याला तिचं कौतुक वाटायचं.

एकतीसपर्यंत गेल्यावर त्याने हात आवरला. तिचा आवाज बसत चालला होता. दमली की ती आकड्याचा शेवट गिळायची, तसा ती ‘एकतीस’ मधला ‘स’ गिळत होती. फिरवावं तर ती पुढे जाते. न फिरवावं तर तिथे उभी राहते. दोन आठवडे तो रोज स्टँडजवळ नुसता बसून राहिला, चकतीला हात न लावता. बोलायचा. घरचं सांगायचा, सासूबाईंचं सांगायचा, भाडं वाढलं म्हणून सांगायचा.

मग दलालाने फोन करून सांगितलं, घर गेलं. सोमवारी दुपारी बारा वाजता नवे मालक कारागीर घेऊन येणार. मागच्या खोलीतलं कपाट काढायचं आणि खिडकी रुंद करायची, असं त्यांचं ठरलंय.

“फोटोवाले, माझ्या हातात काही नाही हो,” तो म्हणाला.

७

सोमवारी सकाळी दहा वाजता तो त्या खोलीत होता. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने मोठ्या सेन्सरचा कॅमेरा मागून आणला होता. लेन्स तीच. आता तिचं अख्खं ताट मिळणार होतं, कडेपासून कडेपर्यंत. असा कॅमेरा वापरणारे फोटो घेताना पोट आत ओढून उभे राहतात, इतकं त्याला बाजूचं दिसतं. ती कितीही तयार असली तरी एवढ्या मोठ्या ताटातून सुटणार नाही. ती कुठे आहे, किती अंतरावर आहे, एवढं एकदा दिसलं तर हात पुढे करता येईल, असा त्याचा हिशेब होता.

त्याने कॅमेरा कपाटाकडे रोखला. सहावी जागा. मग चकती पुढे फिरवली.

खट.

“बत्तीस,” ती म्हणाली. आवाज फार बसला होता.

“एवढा शेवटचा,” तो म्हणाला. त्याने फोटो घेतला.

पडद्यावर काळ्या चौकोनात गोल चित्र उमटलं. मधे पिवळी भिंत आणि रिकामी खुंटी. उजवीकडे खोली वाकून कडेला गेली होती. डावीकडे, अगदी काठाला, काहीतरी होतं. त्याने ते मोठं केलं. मनगट होतं. मनगटावर इस्त्रीचा चटका बसल्याची जुनी खूण. ती मूठ त्याने ओळखली, हजार खोल्यांमध्ये ती त्याच्या पाठीला लागलेली होती.

मुठीत शर्टाचं टोक होतं. चौकडीच्या शर्टाचं.

त्याचा शर्ट पोलिसांकडे होता. आज त्याने पांढरा घातला होता. तो पडद्याकडे बघत राहिला. शर्टाचं कापड मुठीपासून पुढे काठापर्यंत जात होतं आणि काठापाशी संपत होतं, लेन्सलाही त्याच्या पुढचं दिसत नव्हतं. पण कापड ताणलेलं होतं. कुणी अंगात घातलेला असेल तरच शर्टाला तसा ताण बसतो. आणि तिची मूठ आवळलेली नव्हती, सैल होती. अंगठा शिवणीवर टेकलेला. फोटो लांबला, कंटाळा आला की ती तशी त्याच्या शर्टाच्या शिवणीवरून अंगठा फिरवत उभी राहायची.

तिला वाटत होतं की तो पुढे आहे. पहिल्या दिवसापासून तिला तसंच वाटत होतं.

“तो मी नाही,” तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, मग घसा फाटेस्तोवर. “अगं, मी इथे आहे. सोड त्याला.”

फोटो चालू असताना ती सहसा बोलत नसे, फक्त मोजायची.

त्याने चकतीवरचा हात काढला. एक गोष्ट अजून त्याच्या हातात होती. फिरवायचं नाही. कारागिरांनी भिंत फोडली तरी चालेल, त्याला उचलून बाहेर नेलं तरी चालेल. ती उभी राहील, दमेल, पण आहे तिथे राहील, त्या माणसामागे आणखी एक पाऊलही जाणार नाही. तो खाली जमिनीवर बसला, पाठ भिंतीला लावून, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. स्टँड त्याच्यापासून चार हात लांब होता. जिन्यात कुठेतरी माणसांचे आवाज येऊ लागले होते.

खट.

तो आपल्या हातांकडे बघत होता. हात मांडीवरच होते. समोरची चकती हलली नव्हती. आवाज डाव्या खांद्यामागून आला होता, जिथे त्याची पाठ भिंतीला टेकली होती तिथून.

“घर झालं,” ती म्हणाली.

बसलेल्या आवाजात किती बरं वाटलं होतं तिला. पाय दुखून दुखून एकदाचं काम संपलं की माणूस बोलतं तशी ती बोलली. मग क्षणभर काही नाही. दोन शब्द बोलायला लागतो तेवढा वेळ.

आणि मग ती नाकातल्या नाकात हसली.

तो उठून स्टँडकडे धावला. चकती फिरवली. खट. खिडकी. कुणी मोजलं नाही. खट, कोपरा. खट, दार. तो फिरवत राहिला, एक-एक पाऊल टाकत, एक हात मागे धरून, कुणी शर्ट धरला तर कळावं म्हणून. दारावर थाप पडली. बाहेरून कुणीतरी विचारलं, आत कोण आहे. कोरी भिंत, कोपरा, कपाट. त्याने शेवटची खट केली आणि पडद्यावर पाहिलं.

कपाटानंतर खिडकी आली.